भारत आणि सेशेल्स एकेकाळी जोडलेले होते हे कसं कळलं? आपल्याकडे इतके खडक असताना परदेशी शास्त्रज्ञ कशाला लागतात?

दुसऱ्या प्रश्नातला टोमणा कळला. पण उत्तर द्यायचं तर आधी डोंगरावर जावं लागेल.

मी ठाण्याचा. जिऑलॉजीत बीएस्सी झाल्यावर काही वर्षं पुराचुंबकत्वाच्या, म्हणजे खडकात गोठलेल्या जुन्या चुंबकीय दिशेच्या अभ्यासाच्या, एका प्रकल्पात मदतनीस होतो. म्हणजे सर पुढे आणि ड्रिल, पाण्याचा कॅन घेऊन मी मागे. पारसिकच्या डोंगरात आम्ही खडकाला भोकं पाडत बसायचो तेव्हा खालच्या वस्तीतल्या एक आजी रोज विचारायच्या, "काय रे बाळा, सापडलं का सोनं?"

आम्ही काढायचो ते कोअर, अडीच सेंटिमीटर जाडीचे दगडी दंडगोल. लाव्हा थंड होताना त्यातल्या लोहखनिजाचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरतात आणि ती तशीच गोठते. ही दिशा विषुववृत्तावर आडवी असते आणि ध्रुवाकडे जावं तशी उभी होत जाते. म्हणून कल मोजला की दगड कुठल्या अक्षांशावर थिजला ते निघतं. दख्खनच्या बेसाल्टचं उत्तर असं की सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला ३० अंशांच्या आसपास होती. आज ठाणे उत्तरेला १९ अंशांवर आहे.

कोअर काढण्याआधी तो खडकात कसा बसलाय हे त्याच्यावर नोंदवावं लागतं. बेसाल्ट स्वतःच चुंबकीय असल्यामुळे त्याच्याजवळ साध्या होकायंत्राचा भरवसा नसतो, म्हणून सावलीवरून दिशा देणारं सन कंपास वापरतात. ढग आले की काम बंद, वडापाव सुरू. एकदा एका कोअरवर मी बाण काढायलाच विसरलो. दिवसभराच्या घामाचं ते फळ सरांनी हातात फिरवून पाहिलं आणि काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवलं. आजही माझी विजेची बिलं त्याच्याखाली असतात.

आता खरी अडचण. या मोजणीतून अक्षांश मिळतो, रेखांश मिळत नाही. आपण ३० अंश दक्षिणेला होतो हे कळलं, पण शेजारी कोण होतं? त्यासाठी शेजाऱ्याचा दगड लागतो. राजस्थानातले मालाणीचे अग्निजन्य खडक आणि सेशेल्सच्या माहे बेटावरचा ग्रॅनाइट, दोन्ही साधारण ७५ कोटी वर्षांचे आहेत. दोन्हीकडची चुंबकीय दिशा आणि वय एकत्र मांडलं तरच तुकडे जुळतात की नाही ते दिसतं. फाटलेल्या पत्रिकेचा अर्धा भाग दुसऱ्याच्या घरी असेल, तर त्याचं दार वाजवायलाच हवं. मादागास्करचंही तेच. उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरचे ज्वालामुखी खडक सुमारे ९ कोटी वर्षांचे आहेत, आणि त्यांची जोडी मादागास्करमध्येच सापडते.

सेशेल्स गेलं सगळ्यात शेवटी, साधारण ६.३ कोटी वर्षांपूर्वी. त्याची खूण आपल्या दारात आहे. घाटावर लाव्ह्याचे थर जवळजवळ सपाट आहेत, पण पनवेल-मुंब्र्याकडे ते पश्चिमेला, समुद्राकडे झुकलेत. याला पनवेलची वळी म्हणतात. पश्चिमेकडचं कवच ताणून तुटलं तेव्हा कडेचे थर असे कलले, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. पुढचा पुरावा अरबी समुद्राखाली आहे. २०१५ साली आंतरराष्ट्रीय महासागर वेधन कार्यक्रमाच्या जहाजानं लक्ष्मी खोऱ्यात समुद्रतळाखाली हजार मीटरहून खोल छिद्र पाडलं. मोहिमेचे दोन प्रमुख होते, त्यांतले एक भारतीय. असं जहाज एकट्या प्रयोगशाळेला परवडत नाही, हेही एकत्र येण्याचं एक रोकडं कारण आहे.

आणि हे काही आजचं नाही. १९५० च्या दशकात लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातल्या गटानं दख्खनचे खडक मोजले, पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर) राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी त्यांच्यातल्याच डॉइच यांच्यासोबत १९५९ साली निबंध काढला. खंड सरकतात हे तेव्हा भल्याभल्यांना मान्य नव्हतं.

सगळं गुण्यागोविंदानं चालतं असं मात्र समजू नका. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया वगैरे एकत्र असलेल्या गोंडवन महाखंडाच्याही आधीच्या रोडिनिया या महाखंडात भारत कुठे बसवायचा यावर अजून खटके उडतात. मालाणीची मोजणी घेतली, तर जुने नकाशे भारताला ऑस्ट्रेलिया-अंटार्क्टिकाच्या शेजारी काढतात तिथे तो बसत नाही. काहीजण तर म्हणतात, आपण रोडिनियात नव्हतोच. या वादात मतं कुणाचीही असोत, दोन्ही बाजूंना लागतात ते मालाणीचेच कोअर, आणि प्रत्येकावर बाण काढलेला असावा लागतो.