संगणकात चुंबक, भुकटीत नाही

प्रश्न : मी एम.एस्सी. भौतिकीला आहे. प्रकल्पासाठी झिंक ऑक्साइडचा 72 अणूंचा सुपरसेल (संगणकात पुन्हापुन्हा जोडला जाणारा स्फटिकाचा तुकडा) घेतला. त्यातल्या 36 पैकी 2 जस्त काढून शेजारी-शेजारी कोबाल्ट बसवले. दोघांचे स्पिन (अणूंची इवली चुंबकं) एकाच दिशेला असताना ऊर्जा 100 मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टने कमी आली. सरासरी-क्षेत्राच्या सूत्राने क्युरी तापमान (ज्याच्या वर चुंबकत्व टिकत नाही ते) निघालं 387 केल्विन. पण सोल-जेलने (द्रावणातून घट्ट जेल करून) केलेली भुकटी खोलीच्या तापमानाला नुसती पॅरामॅग्नेटिक आहे, म्हणजे स्वतःहून चुंबक होत नाही. मॅडम, नमुना बिघडला असेल का? (एक विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : बाळा, ती भुकटी टाकून देऊ नकोस. ती बहुधा खरं सांगते आहे.

तुझं गणित मी करून पाहिलं. दर कोबाल्टमागे 50, त्याचे दोन-तृतीयांश म्हणजे 33 मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे 387 केल्विन. आकडेमोडीत चूक नाही. पण या सूत्रात प्रत्येक कोबाल्टला बाकी सगळ्यांचा सरासरी आधार मिळतो असं धरलेलं असतं. तुझ्या भुकटीत तो मिळतो का? झिंक ऑक्साइडमध्ये प्रत्येक जस्ताला जस्ताचेच 12 जवळचे शेजारी असतात. त्यात 5.6 टक्के कोबाल्ट कसाही विखुरला, तर निम्म्या कोबाल्टना त्या 12 जागांत एकही कोबाल्ट भेटत नाही. ओढ फक्त लगतच्या शेजाऱ्यापुरती असेल, तर स्फटिकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साखळी जुळायला सुमारे 20 टक्के कोबाल्ट लागतो. तू मोजलीस ती एक जोडी. ती जोडी मनापासून एका दिशेला वळली तरी बाकीचे सुटे राहतात, आणि सुटे स्पिन म्हणजेच पॅरामॅग्नेटिक.

मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं जवळच्या जोडीवरच विसंबले होते. एकदा तेच दोन कोबाल्ट सुपरसेलमध्ये जमतील तितके दूर नेले आणि ऊर्जेतला फरक जवळजवळ नाहीसा झाला. त्या दिवसापासून जोडीची निदान चार-पाच अंतरं मोजल्याशिवाय मी क्युरी तापमान लिहिलेलं नाही. ते वेगवेगळे आकडे मॉन्टे कार्लोत (यादृच्छिक आकड्यांनी संगणकावर केलेल्या अनुकरणात) घालायचे, कोबाल्ट यादृच्छिक जागी पेरायचे आणि तापमान हळूहळू उतरवत न्यायचं. हे काम साध्या संगणकावर रात्रभरात होतं, त्यासाठी महासंगणकाची वाट पाहू नकोस.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. तू साधं एलडीए (इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढायची सोपी अंदाजपद्धत) वापरलं असशील, तर पट्टीतली फट, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या ऊर्जापट्ट्यांमधलं अंतर, किती आली ते बघ. प्रयोगात ती 3.4 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आहे, एलडीएत जेमतेम 0.8 येते. फट अशी आक्रसली की वरची रिकामी वहनपट्टी खाली सरकते, कोबाल्टच्या डी-पातळ्यांना (ज्यांतल्या इलेक्ट्रॉनांमुळे त्याला स्पिन असतो) भिडते आणि नसलेलं फेरोमॅग्नेटिझम, म्हणजे कायमचं चुंबकत्व, दिसू लागतं. हबर्ड यू (एकाच अणूवरच्या इलेक्ट्रॉनांच्या परस्पर ढकलण्याची दुरुस्ती) घालून पुन्हा कर. नुसत्या कोबाल्टच्या डी-पातळ्यांवर यू लावून फट रुंदावणार नाही, जस्ताचाही विचार कर.

या विषयात उलटंही घडलं आहे, म्हणजे प्रयोगातच अपेक्षेपेक्षा जास्त चुंबकत्व दिसलं आहे. 2003 मध्ये मेरीलँड विद्यापीठात सतीशचंद्र ओगले आणि सहकाऱ्यांना कोबाल्ट घातलेल्या टिन ऑक्साइडच्या थरात दर कोबाल्टमागे 7.5 बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं एकक) मिळाले. सुट्या दोन-धन कोबाल्ट-आयनाचे स्पिन 3 बोर मॅग्नेटॉनच्या पुढे जात नाहीत. आणि हाफ्नियम ऑक्साइडच्या थरात 2004 मध्ये चुंबकत्व जाहीर झालं, तेव्हा पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवलं की पोलादी चिमट्याने थर धरला तरी तसाच संकेत येतो. म्हणून यंत्रावर लूप (चुंबकाची खूण असलेला बंद वक्र) दिसली नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. दिसली असती तर आधी चिमटा तपासायला सांगितलं असतं.

ऑक्सिजनची एक रिकामी जागा कोबाल्टलगत ठेवूनही हिशेब कर. दूरच्या जोडीचे आकडे आले की पाठव, यूची किंमत आणि के-बिंदूंची जाळी (ज्या बिंदूंवर ऊर्जेचा हिशेब केलास ती) लिहायला विसरू नकोस.