चांदीची कुपनं काढावीत का?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत युटा राज्यात नोकरीला आहे. दिवाळीला आला तेव्हा त्याने सोन्याचा थर असलेली एक नोट दाखवली. तिकडच्या काही दुकानांत ती चालते म्हणे. तेव्हापासून आमच्या बचत गटात एकच विषय आहे. ओळखीच्या सराफाकडे चांदी ठेवायची, तिच्यावर एक ग्रॅम, पाच ग्रॅमची कुपनं काढायची, गटातल्या बायकांनी, किराणावाल्याने आणि शिलाईवाल्या वहिनींनी ती घ्यायची. उसनवारीही कुपनांतच. रुपया घटतो, चांदी घटत नाही, असं सगळ्यांचं म्हणणं. काय करावं?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, कुपनं काढू नका. आमचं घराणं विट्याकडचं, गलाईवालं. चांदी आटवण्यात आणि टंच, म्हणजे तिची शुद्धता, काढण्यात माझी हयात गेली, म्हणून धातूवरची तुमची श्रद्धा मला कळते. पण धातू वेगळा आणि धातूच्या नावाने काढलेला कागद वेगळा.

मुलाने दाखवली ती गोल्डबॅक. एका खासगी कंपनीने 2019 मध्ये युटात ती सुरू केली. एकच्या नोटेत ट्रॉय औंसाचा हजारावा भाग, म्हणजे 31 मिलिग्राम सोनं असतं. आपल्या गुंजेचा जेमतेम चौथा हिस्सा. प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांमध्ये हा थर बसवलेला असतो, मागून पाहिलं की तीच नक्षी उलटी दिसते. काम सुबक आहे, यात शंका नाही. पण ती कसोटीवर घासता येत नाही, आणि मुशीत घालून एवढंसं सोनं काढणं परवडत नाही. शिवाय नोट घेताना आतल्या सोन्याच्या साधारण दुप्पट पैसे मोजावे लागतात. वरचे पैसे घडणावळीचे, आणि समोरचा दुकानदार कंपनीने जाहीर केलेला दर मानतो तोवरच ते परत मिळतात. तो राजीखुशीने घेतो. घेतलीच पाहिजे अशी सक्ती त्याच्यावर नाही.

धातूची किंमत आणि वर छापलेला आकडा यांत अंतर पडलं की भांडण ठरलेलंच. पेशवाईत परवाना घेऊन खासगी टांकसाळी चालत, अंकुशी, चांदोरी असे नाना रुपये बाजारात असत आणि सराफ प्रत्येकावर वेगळा बट्टा कापत. तो बट्टा शेवटी कुणाच्या पदरातून जात असे? ज्याच्याकडे काटा नाही त्याच्या.

अमेरिकेतच याचं मोठं उदाहरण घडलं. बर्नार्ड फॉन नॉटहाउस यांनी 1998 मध्ये ‘लिबर्टी डॉलर’ काढला: एक औंस शुद्ध चांदी आणि तिच्यावर छाप 10 डॉलरचा. चांदीचा भाव तेव्हा औंसाला पाच डॉलरच्या आसपास होता. पुढे त्याच वजनाच्या नाण्यावर 20 चा आकडा आला. सभासदांना नाणी सवलतीत मिळत आणि ती छापील किमतीला खपवायची, असा मामला. चांदी अस्सल होती, तिच्या टंचाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मधल्या फरकाचा भार शेवटी ते नाणं घेणाऱ्यावर पडत होता. कागदी पावत्याही होत्या आणि त्यांच्यामागची चांदी आयडाहोत ठेवलेली होती. नोव्हेंबर 2007 मध्ये छापा पडला, माल जप्त झाला आणि पावतीवाल्यांची चांदी खटल्यात अडकली. 2011 मध्ये नॉटहाउस दोषी ठरले; 2014 मध्ये सहा महिने घरात स्थानबद्धता आणि तीन वर्षं देखरेख अशी शिक्षा झाली. त्यांना नोटांच्या बेसुमार छपाईची चीड होती, आणि ती मला अजिबात खोटी वाटत नाही.

आपल्याकडचा कायदाही ऐका. धारकाला मागताक्षणी पैसे देण्याचं वचन असलेला कागद रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार सोडून कुणी काढू नये, असं रिझर्व्ह बँक कायदा 1934 चं कलम 31 सांगतं. कुपनावर ‘चांदी किंवा तिचे पैसे’ असं लिहिलंत की तुम्ही त्या कलमाच्या दारात उभ्या राहिलात. कागद नको, चांदीचे शिक्केच पाडू म्हणाल, तर पैसे म्हणून वापरायला धातूचे तुकडे पाडण्याला 2011 च्या नाणी कायद्याने मनाई आहे.

माझी सगळ्यात मोठी काळजी मात्र तुमच्या उसनवारीची आहे. चांदी घटत नाही हे खरं नाही: 2011 मध्ये एप्रिलअखेर ती औंसाला 48 डॉलरवर होती आणि मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात 35 च्या घरात आली. चढते तेव्हा तर कर्जदाराचं मरण. 2025 या एका वर्षात भाव दुपटीहून वर गेला. म्हणजे गटातल्या एखादीने जानेवारीत मुलाच्या फीसाठी शंभर ग्रॅमची कुपनं उचलली असती, तर डिसेंबरात तेवढीच चांदी फेडायला तिला दुपटीहून जास्त रुपये लागले असते, वर व्याज वेगळं. तिची मजुरी तर रुपयांतच मिळते. बचत गट अडल्यानडल्या बाईसाठी असतो, आणि या कुपनांत पहिली तीच भरडली जाईल.

सराफ ओळखीचा आहे म्हणता. असेल भला माणूस. पण चांदी त्याच्या तिजोरीत आणि कुपनं तुमच्या डब्यात; त्याने त्याच चांदीवर माल उचलला तर तुम्हाला कळणार कसं? दर महिन्याला जाऊन वजन आणि टंच कोण करणार?

चांदी घ्यायचीच असेल तर जिने तिने आपली घ्यावी, हॉलमार्कची, पक्क्या पावतीवर, आणि स्वतःच्या ताब्यात ठेवावी. खरेदीवर 3 टक्के जीएसटी आणि घडणावळ जाते, विकताना सराफ पुन्हा काही कापतो, तेव्हा पाच-सात वर्षं हलवायची नसलेली रक्कमच त्यात घाला. गटाची उसनवारी रुपयांत आणि गटाच्या वहीतच राहू द्या. शिलाईवाल्या वहिनी आणि किराणावाले यांच्यात देवाणघेवाण वाढावी एवढाच हेतू असेल, तर त्यांची परस्परांची उधारी एका वहीत मांडा, महिनाअखेर वळती करा आणि उरलेला फरक रोख द्या. त्याला चांदी लागत नाही.