आई आणि बायको : मी कुणाची बाजू घेऊ?

"मॅडम, आईचं ऐकलं तर बायको अबोला धरते, बायकोचं ऐकलं तर आई जेवत नाही. मी बाजू तरी कुणाची घ्यायची?" बँकेतला अधिकारी असो, रिक्षा चालवणारा असो की प्राध्यापक, हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. बरेच जण आधी झोप लागत नाही, पित्त उसळतं असंच सांगतात. घरचा विषय दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत निघतो.

त्यातल्या एकाची गोष्ट त्याच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते. वय ३६, पुण्यात नोकरी, दोन बेडरूमचा फ्लॅट, चार वर्षांची मुलगी. बायकोही नोकरी करणारी. वडील गेल्यावर आई सांगलीकडचं घर बंद करून यांच्याकडे आली. "दोघी एकेकट्या फार चांगल्या आहेत हो," तो म्हणायचा. पण संध्याकाळी घरी पोचला की त्याच्या छातीत धडधडायचं आणि तो पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहायचा.

सुरुवातीला तो दोघींच्या तक्रारी मांडायचा आणि निवाड्यासाठी माझ्याकडे बघायचा. निवाडा देणं हे माझं काम नाही, असं मी मानते. मी त्याच्याकडे एकच मागितलं : अगदी अलीकडचं, अगदी क्षुल्लक भांडण, शब्दाला शब्द.

"कुकरच्या शिट्ट्यांवरून झालं," तो ओशाळून म्हणाला.

"आई नेमकं काय म्हणाली?"

"डाळ हल्ली कच्ची राहते रे, मला पचत नाही."

"बायकोला तुम्ही काय सांगितलंत?"

"आईचं नाव घेतलं असतं तर भडका उडाला असता. म्हणून म्हटलं, मला डाळ जरा मऊ आवडते, एक-दोन शिट्ट्या जास्त घे."

"ती काय म्हणाली?"

"आठ वर्षं हीच डाळ आवडत होती, आई आल्या आणि कच्ची लागायला लागली? मग त्यांनाच करू दे."

"हे आईला सांगितलंत?"

"छे! आईला म्हटलं, तू आता आराम कर, स्वयंपाकघरात लक्ष घालू नकोस."

मी त्याला म्हटलं, "नवरा गेला, घर सुटलं, आणि मुलगा सांगतोय की स्वयंपाकघरात लक्ष घालू नकोस. तुम्ही आईच्या जागी असतात तर यातून काय ऐकलं असतंत?"

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "की माझं इथे काही काम नाही."

"आणि बायकोने?"

"की नवरा आता आईचा झाला." मग तो खुर्चीत पुढे सरकला. "मॅडम, म्हणजे या दोघी एकमेकींशी भांडल्याच नाहीत. दोन्हीकडे मीच बोललो."

हे वाक्य मी त्याला आधीच सांगू शकले असते. पण त्याने ते स्वतः शोधलं, म्हणून ते टिकलं. असे क्षण घाईने आणता येत नाहीत. नेमका प्रश्न विचारून थांबावं लागतं आणि ते थांबणं मी वर्षानुवर्षं शिकत आले आहे.

तो खोटारडा नव्हता. मायेपोटी प्रत्येकीचं बोलणं मऊ करून दुसरीकडे पोचवत होता. त्या मऊ करण्यात महत्त्वाचं तेवढंच गळत होतं. "पचत नाही" ही प्रकृतीची तक्रार होती. ती बायकोपर्यंत पोचली असती तर तिने कदाचित वेगळी डाळ लावली असती.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी १९५० च्या दशकात रुग्णांबरोबर त्यांच्या कुटुंबीयांनाही रुग्णालयात ठेवून त्यांचं वागणं पाहिलं होतं. दोघांमधला ताण वाढला की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं, त्याने तात्पुरतं निवतं पण मूळ ताण तसाच राहतो, ही त्यांची मांडणी मला आपल्या घरांत रोज दिसते. आपल्याकडे तो तिसरा बहुधा मुलगा असतो.

तो मध्ये का पडतो? "दोघींपैकी एक नाराज राहिली तर काय होईल?" असं विचारल्यावर उत्तर आलं, "मी वाईट मुलगा ठरेन, नाहीतर वाईट नवरा." घरात कुणीही कधीही नाराज असता कामा नये, असा हट्ट त्याने स्वतःशीच धरला होता. कुणी नाराज नसावं ही इच्छा ठीक आहे. तिचा हट्ट झाला की झोप जाते.

म्हणून अशा प्रत्येक मुलाला माझं सांगणं असतं की निरोप नेणं थांबवा. "आई, हे तू तिलाच सांग ना," असं सगळे असताना, प्रेमाने म्हणा. मग तिथेच बसा. मोबाइल घेऊन गॅलरीत जाऊ नका आणि कुणाच्या बोलण्याचा अर्थही सांगू नका. जे निर्णय तुमचे आहेत, म्हणजे आईची औषधं, घरातला पैसा, बायकोचं माहेरी जाणं, ते तुमच्या नावाने बोला. "आई म्हणते" किंवा "ही म्हणते" अशी सुरुवात नको. शिवाय प्रत्येकीला थोडा वेळ द्या, ज्यात दुसरीचा विषय निघणार नाही. हा मुलगा आईबरोबर संध्याकाळी फिरायला जाऊ लागला, तेव्हा आई वडिलांबद्दल पहिल्यांदा मोकळेपणी बोलली. डाळीच्या तक्रारीत ते दुःखही मिसळलेलं होतं.

सुरुवातीचे दिवस कठीण जातात. पहिल्याच प्रयत्नात आई रडली, बायकोने दार लावून घेतलं, हा घामाघूम होऊन तिथेच बसून राहिला. पुढे एकदा बायकोनेच सासूला विचारलं, "तुम्हाला कोणती डाळ सोसते?" आता संध्याकाळची मुगाची डाळ आई लावते. नातीच्या टीव्हीवरून दोघींचे खटके अजून उडतात, आणि तो गाडी लावून सरळ वर जातो.

मात्र हे सगळं दोन बाजूंना सारखा आवाज असलेल्या घरासाठी आहे. मारहाण, सततचा अपमान, माहेरून पैसे आणण्याचा तगादा किंवा म्हाताऱ्या आईची उपासमार होत असेल, तर गप्प बसणारा मुलगा त्रास देणाऱ्याच्या बाजूला गेलेला असतो. तिथे त्याने उघडपणे मध्ये पडायलाच हवं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, ज्येष्ठांच्या पालनपोषणासाठी २००७ चा. महिलांसाठी १८१ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ या क्रमांकांवर मदत मागता येते, आणि तो फोन घरातल्या मुलानेही करावा.