बुप्रेनॉर्फिनच्या (हेरॉईनसारख्या नशेची तलफ शमवणारं औषध) उपचारावर आहे, नवऱ्याशी एकनिष्ठ आहे. कंडोमचं नाव काढलं की तो मारतो. मला एचआयव्हीचा धोका आहे का?

हो, आहे, तुम्ही एकनिष्ठ असलात तरी तो नशा टोचून घेत असेल तर त्याच्या सुया आणि त्याचे बाहेरचे संबंध तुमच्या हातात नाहीत. बळजबरीच्या संबंधात कंडोम नसतो, आत जखमा होतात आणि विषाणूला वाट मिळते. दुसरी वाट कमी बोलली जाते. मारहाणीमुळे किंवा घरात कोंडल्यामुळे उपचार केंद्रावर जिभेखाली ठेवायला मिळणारी बुप्रेनॉर्फिनची गोळी चुकते, अंग मोडून येतं, जुलाब आणि तडफड सुरू होते. अशा वेळी कधी कधी नवरा आधी नशा टोचून घेतो आणि तीच सुई बायकोला देतो. म्हणून गोळी का चुकते हे केंद्रातल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, काही दिवसांच्या गोळ्या घरी मिळतील का तेही विचारा.

सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्र) मोफत चाचणी आत्ता करा, तीन महिन्यांनी पुन्हा. हिपॅटायटिस सी पण तपासा. बळजबरी झाली तर 72 तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं चांगलं, पीईपी (एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यासाठीच्या गोळ्या) मागा. या गोळ्या 28 दिवस न चुकता घ्यायच्या असतात. माहितीसाठी एचआयव्ही हेल्पलाइन 1097.

मात्र 'दुसरा कोण आहे?' म्हणत हात उठत असेल, तर कंडोमचा आग्रह धरू नका. आधी जीव सांभाळा, महिला हेल्पलाइन 181 वर फोन करा. मारहाणीची भीती समुपदेशकाला चाचणीआधीच सांगा: 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार अशी रास्त भीती असेल तर डॉक्टरांनी रिपोर्ट जोडीदाराला कळवायचा नसतो.