जॉन म्यूर ट्रेलवर तंबू न नेता फक्त हॅमॉकवर भागेल का?

भागेल, पण रोजचा मुक्काम झाडं बघून ठरवावा लागेल. ही लांब पायवाट कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेव्हाडा पर्वतरांगेतून जाते आणि तिथे साधारण 3,300-3,400 मीटरच्या वर हॅमॉक टांगण्याजोगं झाड क्वचितच मिळतं. जी दिसतात ती वाऱ्याने वाकलेली, कमरेएवढी खुरटी. खरी कसोटी म्यूर पास या खिंडीला. अलीकडच्या मॅक्क्लुअर मेडो या कुरणाजवळच्या पाइनमध्ये झोपायचं, पहाटे निघून पास ओलांडायचा आणि अंधाराआधी ल कॉन्ट कॅन्यनमध्ये उतरायचं, कारण मधलं इव्होल्यूशन बेसिन म्हणजे नुसता ग्रॅनाइट आणि तळी. माउंट व्हिटनी या शिखराच्या आधी गिटार लेकलाही तीच गत, तेव्हा क्रॅबट्री मेडोलाच थांबा. हॅमॉकमध्ये थंडी पाठीकडून शिरते. स्लीपिंग बॅगेतली पिसं अंगाखाली दबली की त्यांची ऊब संपते. त्यावर उपाय म्हणून बरेच जण अंडरक्विल्ट, म्हणजे हॅमॉकच्या खालून टांगायची रजई, लावतात, पण या वाटेवर मी फोमची मॅटच नेईन: वादळाने पासच्या अलीकडे अडकवलं, तर तीच जमिनीवर अंथरून आणि ट्रेकिंग पोलवर टार्प (छतासारखं कापड) ताणून रात्र काढता येते. दोरीने झाडाची साल कापते, म्हणून हॅमॉक बांधायला रुंद पट्टे घ्या. वाळलेल्या झाडाला मात्र चुकूनही बांधू नका, ते थेट अंगावर येऊ शकतं.