रोज प्रार्थना करूनही त्याच मोहात पडतो, मग देवावर भरवसा ठेवायचा कसा?

प्रभूमध्ये सलाम.

तुम्ही लिहिलंय की रोज प्रार्थना होते, पवित्र शास्त्र म्हणजे बायबल वाचून होतं, तरी आठवड्यातून एकदा त्याच मोहात पाय घसरतो. देव ऐकत नाही की आपलाच विश्वास खोटा, हा तुमचा प्रश्न. तीन वर्षांपूर्वी मी हाच प्रश्न घेऊन बसलो होतो, म्हणून लिहितो.

मी नगरकडचा, एमआयडीसीत कंत्राटी कामगार. मला नाद लागला तो मोबाइलवरच्या रमीचा. पन्नास रुपयांपासून सुरुवात झाली. एका रात्री चौदाशे रुपये जिंकलो आणि गोधडीत पडल्या पडल्या देवाचे आभार मानले. सकाळी उठून त्यातले एकशे चाळीस रुपये दशांश म्हणून पाकिटात घातले आणि ते पाकीट पवित्र शास्त्रात ठेवलं, रविवारी दानार्पणात टाकायला. गुरुवारी रात्री तेच पाकीट मी फाडलं. पुढे मुलीच्या शाळेच्या फीचे अठरा हजार गेले. रोज रात्री प्रार्थना करायचो, ‘प्रभू, हे माझ्यापासून काढून घे’, आणि आमेन म्हटल्यावर अर्ध्या तासात हातात तेरा पत्ते असायचे.

फीची पावती मागितली गेली तेव्हा बायकोला सांगावंच लागलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तीच मला आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका वडीलधाऱ्यांकडे घेऊन गेली. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत, आम्ही त्यांना आबा म्हणतो. मला वाटलं होतं, आता उपदेश ऐकावा लागणार. त्यांनी एवढंच विचारलं, "खेळायला बसायच्या आधी तुला भीती कशाची वाटत होती?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता. भीती होती कंत्राट संपण्याची. पोरीची शाळा सुटेल याची. रमी म्हणजे माझ्यासाठी मजा नव्हतीच, देवाने दिलं नाही तर माझं मी मिळवीन, ही सोय होती. मोहाच्या मुळाशी अविश्वास होता आणि मी नुसत्या फांद्या छाटत होतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशूची परीक्षा होते, ती नीट वाचा. चाळीस दिवसांचा उपास, पोटात भूक, आणि सैतान काही घाण गोष्ट पुढे करत नाही, भाकरीच पुढे करतो. ‘तू देवाचा पुत्र असशील तर’ अशी सुरुवात करतो. त्याच्या जरा आधी, यार्देन नदीवर बाप्तिस्म्याच्या वेळी, पित्याने ‘हा माझा परमप्रिय पुत्र’ म्हटलेलं असतं. हल्ला भाकरीवर नाही, त्या शब्दावर आहे: बाप खरंच तुझा आहे का? तुमचा मोह दारूचा असेल, पैशाचा असेल, मोबाइलवर नको ते बघण्याचा असेल, तो सुरू होण्याआधीच्या पाच मिनिटांत मन काय म्हणत असतं ते पाहा. बहुतेकदा तिथे एकटेपण, भीती किंवा राग सापडतो, आणि प्रार्थना त्याची करायची असते.

आबांनी मला प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणायला लावली. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" इथे थांबवलं. म्हणाले, "आज म्हटलंय. वर्षाची भाकर मागितली नाही." मग पुढची ओळ, ऋणे सोडण्याची. मग परीक्षेत न आणण्याची. लहानपणापासून पाठ असलेल्या त्या ओळी मला त्या दिवशी पहिल्यांदा क्रमाने दिसल्या: भाकर, ऋण, परीक्षा. माझी सगळी कहाणी त्याच क्रमाने घडली होती.

भरवसा म्हणजे छातीत काहीतरी ऊब वाटणं, असं मला वाटायचं. ती ऊब मला अजूनही रोज वाटत नाही. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो मुली-बायका केडगावला आणल्या. उद्याचं धान्य कुठून येणार याची प्रार्थना त्या करत होत्या आणि विहिरीही खणून घेत होत्या. मलाही विहीर खणावी लागली. पगाराचं खातं बायकोकडे दिलं. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर. सरकारी दवाखान्यात समुपदेशकाकडे चार वेळा गेलो. काही जण याला विश्वासाची कमी म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. नाद हाताबाहेर गेला असेल तर १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्याचा मोफत फोन आहे, जरूर करा. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, त्याचा मला आनंद आहे, पण भीती कायद्याने जात नाही.

आणि रोज रात्री दहाला आबांचा फोन. "आज?" "आज नाही, आबा." दोनदा म्हणावं लागलं, "आज पडलो." दुसऱ्यांदा पडलो त्या रविवारी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) होतं, मी घरीच राहिलो, कुठल्या तोंडाने जाणार? दुपारी आबा आले आणि लूकचा बावीसावा अध्याय उघडला. सैतानाने तुम्हांला गव्हासारखं चाळायला मागितलं आहे, असं प्रभू आपल्या शिष्याला, पेत्राला, सांगतो, आणि लगेच म्हणतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केली आहे. पुढे कोंबडा आरवण्याआधी पेत्र प्रभूला तीनदा नाकारतो; पण इथे तो अजून पडलेला नाही, कोंबडा अजून आरवलेला नाही, आणि प्रार्थना आधीच होऊन गेली आहे. मी पडल्यावर देवाची समजूत काढायला बघत होतो, आणि तो माझ्या पडण्याच्याही आधीपासून तिथे होता. तुम्ही विचारता, देव ऐकत नाही का. मला वाटतं, तुमच्यासाठी कोण मागतोय तेही एकदा ऐका.

म्हणून पडलात तरी येत्या रविवारी उपासना चुकवू नका. आणि हे ओझं इथे अनोळखी माणसाला सांगितलंत तसं एका ओळखीच्या, तोंड बंद ठेवणाऱ्या माणसाला सांगा. याकोब आपल्या पत्रात म्हणतो, आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा, बरे होण्यासाठी.

पेत्राला त्याच वचनात पुढे सांगितलंय, वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. आबांना आता ऐकू कमी येतं. रात्री दहाचा फोन मी करतो, आमच्याच मंडळीतल्या एका पोराला. आज त्याच्याशी बोलून झालं की तुमच्यासाठी प्रार्थना करीन.