गावात क्रीडासंकुलाचा प्रस्ताव आलाय, ग्रामसभेत कुठल्या बाजूने बोलावं?

तुम्ही लिहिलंय की गावाला लागून टॉवर उभे राहतायत, वस्ती दुप्पट झालीये, आणि आता दोन एकर गुरचरणावर इनडोअर क्रीडासंकुल बांधायचा प्रस्ताव ग्रामपंचायतीने आणलाय, त्यावरून गावात दोन तट पडलेत. मला विचाराल तर इमारतीला नाही म्हणा आणि मैदानाला ठासून हो म्हणा. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ग्रामसभेत त्या एकच करून मांडल्या जातात, तिथेच घोळ होतो.

आमचं गाव कल्याण-शीळ रोडच्या बाजूला. आमच्याकडे असाच हॉल झाला. सुरुवातीला सगळे खूष होते, मी पण, कारण मी शाळेत कबड्डी खेळलेली आणि माझी पोरगीही खेळते. पण लाईट बिल कोण भरणार, झाडू कोण मारणार हे कुणी ठरवलंच नव्हतं, मग बिल भरायला म्हणून हॉल हळदीला आणि लग्नाला भाड्याने जायला लागला, चावी एकाच घरी राहिली आणि आता तिथे कुलूप असतं नाहीतर मांडवाचं सामान. पोरी हॉलच्या मागे खडीच्या जागेत फक्कीने रेषा मारून खेळतात, अंधार पडला की दोन स्कूटी समोरासमोर लावून हेडलाइट चालू ठेवतात. खडीवर पकड करताना ढोपरं सोलवटतात. लेक घरी आली की मी हळद लावते आणि खरं सांगते, खूप राग येतो.

आता जागेचा हिशोब बघा, कारण प्रस्तावात चित्र छान असतं आणि माप कोणी वाचत नाही. पुरुषांचं कबड्डीचं मैदान 13 बाय 10 मीटर, महिलांचं 12 बाय 8, म्हणजे दीड गुंठ्याच्या आत. खो-खोचं 27 बाय 16. हे सगळं दोन एकरात आरामात बसतं, वर 200 मीटरचा ट्रॅक पण बसवता येईल. 400 मीटरचा ट्रॅक दाखवला असेल तर मात्र विचारा कुठे बसवणार, त्याला एकट्यालाच चार एकर लागतात. टॉवरमधल्या लोकांना चालायला जागा पाहिजे, गाववाल्यांना कबड्डी आणि क्रिकेट, दोन्ही ह्याच मातीवर होतं. रोलर, पाणी मारायची सोय, चार दिवे, पावसाचं पाणी जायला गटार, आणि मुलींसाठी स्वच्छ टॉयलेट आणि कपडे बदलायची खोली. ही खोली प्रस्तावात नसेल तर बाकी काहीही असलं तरी मुली येणार नाहीत, निदान सातवी-आठवीनंतर तरी नाहीच.

दुसरं म्हणजे जागेचा कागद, आणि ह्याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. नवी मुंबईतल्या घणसोलीचं उदाहरण आपल्या शेजारचं आहे. 2003 मध्ये तिथे सरकारी क्रीडासंकुलासाठी 20 एकर जागा ठेवली, नंतर त्यातला भाग बिल्डरकडे गेला आणि 2021 मध्ये संकुलच रायगडात माणगाव तालुक्यात हलवायचा निर्णय झाला, शंभर किलोमीटरपेक्षा लांब! 2024 ला मुंबई हायकोर्टाने तो निर्णय रद्द केला, पण तोवर किती पोरं खेळायचं वय संपवून नोकरीला लागली असतील. म्हणून आधी सातबारा काढा. गुरचरण असेल तर ती सरकारी जमीन, नुसता ग्रामसभेचा ठराव पुरत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि सुप्रीम कोर्टाचा 2011 चा जगपाल सिंग निकाल गावाच्या सार्वजनिक जमिनींवरच्या अतिक्रमणांबद्दल फार कडक आहे. गावात अजून कुणाची ढोरं तिथे चरत असतील तर त्यांचं म्हणणं आधी ऐका, त्यांना विकासाच्या आड येणारे म्हणू नका. पैशासाठी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जा, क्रीडांगण विकास अनुदान योजनेत ग्रामपंचायतीला मैदान सपाट करायला आणि कुंपणाला मदत मिळते.

ग्रामसभेला कोरम, म्हणजे कमीत कमी लागणारी हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, जे कमी असेल ते. म्हणजे शंभर माणसं पूर्ण गावासाठी ठरवू शकतात, तेव्हा तुमची माणसं घेऊन जा, टॉवरमधली ज्यांचं नाव गावच्या मतदारयादीत आहे ती पण. आणि नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, हा मुद्दा पहिल्यांदा तिथेच काढा. खेळणाऱ्या पोरींच्या आयांना सांगा की ठरावात तीन ओळी लिहून घ्या: मैदान लग्नाला-हळदीला द्यायचं नाही, संध्याकाळी 5 ते 7 मुलींची वेळ, आणि चावी एका घरी न ठेवता समितीकडे, त्यात निम्म्या बायका. आमच्याकडे ह्या तीन ओळी तेव्हा कुणी लिहिल्या नाहीत, आता मी दर ग्रामसभेला अर्ज देते.